दहा-चाळीसचं तेल

एका गावात एक भोळा भाचा होता. त्याचं नाव लहानू. वयाने आणि अंगाने तो चांगलाच मोठा झाला होता, पण बारशाच्या दिवशी हे कुणाला ठाऊक असणार?

लहानू मामाकडे राहायचा. कामाचा त्याला कधी कंटाळा नसे. सांगितलेलं काम तो टाळत नसे, उद्यावर ढकलत नसे, उलट उत्तरही देत नसे. सांगितलेलं अगदी सांगितल्यासारखं करायचा. घरातल्यांची तक्रार तेवढीच होती.

त्याचे मामा म्हणजे रंभाजीमामा. त्यांच्याकडे एक डोंगरगाडी होती. फुगलेली जाड चाकं, दारं नाहीत, काचा नाहीत, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि मागे सामानाला हौदा. धोंड्यांतून, नाल्यातून, कुठूनही ती चढायची, असं मामा सांगायचे. मामा गाडीबद्दल इतकं सांगायचे की गाडीला स्वतः काही करून दाखवायची वेळच येत नसे.

ती वेळ मंजुळाच्या लग्नाने आणली. मंजुळा ही मामांची मुलगी. तिचं लग्न वरच्या वाडीच्या नवनाथशी ठरलं. वरची वाडी डोंगराच्या माथ्यावर. तिथे जायला रस्ता नाही. म्हणजे रस्ता मंजूर आहे, आणि गेली कित्येक वर्षं तो मंजूरच आहे. लग्न खाली मामांच्या दारात होणार होतं आणि नवनाथच्या आजीचे गुडघे धरलेले होते.

"माझ्या हातच्या अक्षता पडल्याशिवाय नातवाचं लग्न लागायचं नाही," आजीने सांगून टाकलं. "आणि मी डोलीत बसणार नाही. डोलीतून माणसं दवाखान्यात जातात."

"डोली कशाला, आजी?" मामा म्हणाले. "माझी गाडी येईल ना! तुम्ही आणि नवरदेव, दोघं ऐटीत खाली."

नवनाथचे चुलते दशरथराव शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "मग ठरलं. गाडी आली तर लग्न."

मुहूर्त त्या हंगामातला शेवटचा होता. तो चुकला तर पुढचा थेट दिवाळीनंतर, आणि तोपर्यंत दशरथरावांचं मन कुठे फिरेल याचा भरवसा नव्हता. मंजुळाला नवनाथ मनापासून आवडला होता. ती हळूच लहानूकडे आली. मामा लग्नाच्या गडबडीत असणार, तेव्हा गाडी लहानूच चालवणार होता.

"लहानूदादा, माझं लग्न आता तुझ्या हातात आहे बरं."

लहानूने दोन्ही हात उघडून बघितले. मग तो म्हणाला, "माझ्याकडे नाहीये गं. मामांकडे बघ."

लग्नाआधीच्या आठवड्यात मामा म्हणाले, "लहान्या, गाडीचं तेल बघ."

लहानू गेला. त्याने सीट उचलली, इंजिनावरचं तेलाचं झाकण काढलं आणि बघायला लागला. न्याहारीला आला नाही. जेवायलाही आला नाही. शेवटी मामाच बाहेर आले.

"काय करतोयस?"

"तेल बघतोय."

"अजून?"

"तुम्ही पुरे म्हणाला नाहीत."

"मग? काय दिसलं?"

"अंधार आहे, मामा."

मामांनी कपाळाला हात लावला. "अरे, तेल असं बघतात का? ही काडी कशाला दिलीय? काडी बाहेर काढायची. फडक्याने पुसायची. परत आत घालायची. परत बाहेर काढायची आणि मग खूण बघायची. तेल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मधे पाहिजे. कळलं?"

"कळलं," लहानू म्हणाला.

काडी काढली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं, आणि डांबरासारखं काळं. मामा त्याबद्दल कुणाला काही बोलले नाहीत. मामीला तर नाहीच.

त्याच संध्याकाळी मामीचे हात पिठात होते. तिने आतून हाक मारली, "लहानू, देवापुढची उदबत्ती बघ रे, नीट लागलीय का."

उदबत्ती छान लागली होती. लहानूने तिची काडी बाहेर काढली. ओल्या फडक्याने वरपासून खालपर्यंत पुसली. परत उदबत्तीच्या घरात खोचली. परत काढली. उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली.

"मामी, खूण दिसत नाही," तो म्हणाला. "देवातलं तेल संपलंय."

मामी पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि तिने देवाच्याही आधी मामांना हात जोडले. "तुमचा भाचा आहे. तुम्हीच काय ते शिकवा."

मामांनी शिकवलं. "अरे, ते गाडीचं! आणि गाडीचंसुद्धा लगेच करायचं नसतं. गरम असताना हात लावायचा नाही. आधी सपाट जागेवर ठेवायचं. थंड होऊ द्यायचं. सगळं तळाला उतरलं की मग काडी. कळलं?"

"कळलं," लहानू म्हणाला. त्याला कळलं होतंच. त्याला न कळलेलं असं काही आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दशरथराव आणि वाडीची दोन-चार जाणती माणसं मानपानाचं बोलायला आली. मामीने आलं ठेचून चहा केला आणि लहानूला म्हणाली, "पाहुण्यांना चहा दे."

पाहुणे उन्हाबद्दल बोलले. मग आंब्यांबद्दल बोलले. मग पुन्हा उन्हाबद्दल बोलले. चहा काही येईना.

"लहान्या, चहा!" मामांनी हाक मारली.

"ठेवलाय, मामा."

"कुठे?"

"मागच्या अंगणात. घरात कुठेच सपाट जागा नाही. उतरतोय तळाला."

अखेर चहा आला. त्यावर जाड साय धरली होती. दशरथरावांनी एक घोट घेतला आणि कप नाकाशी नेला. "कसला वास म्हणायचा हा?"

"काडीचा," लहानू अभिमानाने म्हणाला. "सगळ्यांचा मोजून आणलाय. बरोबर दोन खुणांच्या मधे आहे. तुमचा जरा वर होता, तो मी पिऊन खाली आणला."

दशरथरावांनी कप खाली ठेवला. "रंभाजीराव, तुमची गाडीपण हाच बघतो का?"

मामा मोठ्याने हसले. एकटेच हसले. जाताना दशरथराव दारात थांबून परत म्हणाले, "गाडी आली तर लग्न."

आता तेल बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मामांनी लहानूला तालुक्याला पाठवलं. "रशीदभाई मिस्त्रींना विचार आपल्या गाडीला कुठलं तेल, आणि ते सांगतील तेच घेऊन ये. स्वतःचं डोकं चालवू नकोस."

ही शेवटची सूचना मामांनी का दिली असेल, देव जाणे. तसा धोका कधीच नव्हता.

रशीदभाई एका ट्रकखाली आडवे होते. तिथूनच म्हणाले, "डोंगरगाडी ना? दहा-चाळीसचं तेल घे. दुसरं दिलं तरी घेऊ नकोस."

लहानू समोरच्या तेलाच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. दुकानदाराने विचारलं, "काय पाहिजे?"

"तेल."

"कुठलं?"

"दहा-चाळीसचं."

दुकानदाराने डबा काढून समोर ठेवला. "घे."

लहानूने दुकानातल्या घड्याळाकडे बघितलं. "आत्ता साडेनऊ झालेत."

"मग?"

"मग हे साडेनऊचं झालं ना."

दुकानदाराने डबा उलटसुलट करून बघितला. मग लहानूला बघितलं. मग तो इतर गिऱ्हाइकांकडे वळला. लहानू घड्याळावर डोळे लावून बसला. दहा वाजले. सव्वा दहा झाले. साडेदहाला दुकानदार पोराला एसटीत बसवायला गेला आणि धापा टाकत परत आला.

"हं, बोल. देऊ का आता?"

"आता नको," लहानू खिन्नपणे म्हणाला. "पावणेअकरा झाले. उद्या येतो."

घरी मामांनी सगळं ऐकून घेतलं. ते खांबाला धरून उभे होते, ते बरं झालं. "अरे शहाण्या, ती काय गाडीची वेळ आहे का? तो आकडा आहे! तेलाच्या डब्यावर छापलेला असतो. डबा हातात घ्यायचा. सगळीकडून बघायचा. आकडा जुळला तर घरी आणायचं, नाही जुळला तर तिथेच ठेवून यायचं. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निघाला. तेवढ्यात मामी म्हणाली, "चाललाच आहेस तर स्टँडवरून माझ्या बहिणीला घेऊन ये. घोटीच्या गाडीने येतेय. तिच्याजवळ सामान आहे."

लहानू दुपारी परतला. डबा बरोबर आणला होता. आकडा जुळला होता. मामांनी त्याची पाठ थोपटली.

"आणि मावशी?" मामीने विचारलं.

"होत्या तिथे."

"मग आणलं का नाहीस?"

"सगळीकडून बघितलं, मामी. पुढून बघितलं, मागून बघितलं. कुठेच आकडा नव्हता. तिथेच ठेवून आलो."

मावशी दिवस कलताना पोचली. डोक्यावर लोणच्याची बरणी, काखेत बोचकं. अंगणात पाऊल टाकताच तिने पहिला प्रश्न विचारला, "माझ्याभोवती फेऱ्या घालून पळालेला तो मेला कोण होता?"

"तो आपला लहानू," मामी म्हणाली.

"तरीच," मावशी म्हणाली.

आता तेल घरात होतं आणि लग्न दोन दिवसांवर. मामा मांडवाच्या बांबूंमधे अडकले होते. एकीकडे सुतळी कमी पडत होती, दुसरीकडे आचारी रुसला होता. लहानू डबा घेऊन समोर उभा राहिला.

"मामा, याचं काय करू?"

"काय करू म्हणजे? गाडीचं तेल उतरलंय ना? मग चढव! खालपासून वरपर्यंत."

"कसं चढवतात?"

"मामीला विचार!" मामा ओरडले. खरं तर ते सुतळीवर ओरडले होते.

लहानू मामीकडे गेला. "मामी, तेल कसं चढवतात?"

मामी मंजुळाची हळद भिजवत होती. दुसरं कुठलं तेल तिच्या डोक्यात असणार? ती म्हणाली, "पाच सवाष्णी बोलवायच्या. आंब्याची पानं तेलात बुडवायची. पायांपासून सुरू करायचं आणि डोक्यापर्यंत चढवत न्यायचं. मग हळद लावायची. जा, गल्लीत सांगून ये सगळ्यांना."

लहानू गल्लीत सांगून आला. पाच म्हणता नऊजणी आल्या. आमंत्रण आलं की नटून निघायचं, कशाचं ते तिथे गेल्यावर कळतं, अशी गावाची पद्धत आहे. सगळ्यांत पुढे यमुनाकाकू होत्या. गावातली एकही हळद त्यांच्याशिवाय लागत नसे.

"नवरी कुठाय रे?" त्यांनी विचारलं.

"नवरी नाही, काकू. गाडी."

"गाडी?"

"मामांनी सांगितलंय. तेल चढवा."

यमुनाकाकूंनी इतरजणींकडे बघितलं. आपल्याला एखादी रीत माहीत नाही, हे कबूल करायची ही वेळ नव्हती. "हो, हो," त्या म्हणाल्या. "तालुक्याला करतात हल्ली असं."

"माझ्या नणंदेकडे केलं होतं," मागून कुणीतरी म्हणालं. तिच्या नणंदेकडे सायकलसुद्धा नव्हती.

मग दहा-चाळीसचं तेल पितळी वाटीत ओतलं गेलं. आंब्याची पानं बुडाली. चाकांना तेल लागलं, दिव्यांना लागलं, बॉनेटला लागलं, वरच्या नळ्यांना लागलं. हळदीची गाणी झाली. गाण्यात नवरीचं नाव येतं तिथे काय म्हणायचं, यावर थोडा खल झाला, पण निभावून नेलं. शेवटी हळद फासली. गाडी लाजल्यासारखी पिवळी होऊन उभी राहिली.

गाणी ऐकून मामी बाहेर आली. मागून मामा आले. तेलाचा डबा रिकामा, वाटी रिकामी आणि इंजिन सकाळी होतं तसंच. मामा मांडवाच्या बांबूवर बसले. तो बांबू अजून पुरायचा राहिला होता, म्हणून मामा जमिनीवर बसले.

मंजुळा दारातून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, गाडी जाईल ना वर?"

मामा पहिल्यांदाच गाडीबद्दल काही बोलले नाहीत.

लग्नाच्या आदल्या दुपारी रशीदभाई स्वतः आले. सोबत नवे डबे घेऊन आले. पिवळ्या गाडीभोवती ते एकदा फिरले.

"मुलाकडचे कोण आहेत?" त्यांनी मामांना विचारलं.

मग मात्र ते कामाला लागले. जुनं तेल काढलं, नवं भरलं, काडी घालून बघितली. सगळं झाल्यावर त्यांनी लहानूला समोर बसवलं. वाटेत कुठे गळती लागली तर त्याला एकट्यालाच निस्तरावी लागणार होती. रशीदभाईंना वाटलं, आपण नीट समजावलं तर समजेल. आजवर प्रत्येकाला तेच वाटलं होतं.

"हे बघ, बेटा. तेल बाहेरून लावायचं नसतं. आत घालायचं. झाकण उघडायचं, नरसाळं लावायचं आणि हळूहळू सोडायचं. काय?"

"हळूहळू."

"थंडीत पातळ तेल चालतं. आता हे मे महिन्याचं ऊन, वर डोंगर. अशा वेळी तेल जाड पाहिजे."

"जाड."

"आणि घातल्यावर खालून गळायला लागलं तर घाबरायचं नाही. गाडी थांबवायची. सगळं निघून जाऊ द्यायचं. मग नवं भरायचं. हा एक डबा जवळ ठेव. पण एक, डबा फोडला की अर्धा ठेवायचा नाही, धूळ बसून खराब होतो. संपवून टाकायचा. कळलं?"

"कळलं," लहानू म्हणाला.

लग्नाच्या सकाळी गाडी निघाली आणि, सांगायला आश्चर्य वाटतं, चढली. धोंड्यांवरून चढली, नाल्यातून चढली, झाडांच्या मुळ्यांवरून चढली. हळदीच्या वासाने बकऱ्या तिच्यामागे धावल्या. लहानू गाडी उत्तम चालवायचा. गाडी चालवायला कुणी शब्दांत शिकवलं नव्हतं, म्हणून असेल.

वरच्या वाडीत नुसती धांदल होती. बरीच वऱ्हाडी मंडळी दशरथरावांबरोबर पायवाटेने आधीच उतरली होती. नवनाथची आई आजीला नऊवारी नेसवत होती. लहानूला बघून ती म्हणाली, "आलास का, बाबा? देव पावला. माझे हात गुंतलेत. नवरदेव आतल्या खोलीत बसलाय, त्याला तेवढं तेल घाल. केस नुसते उभे राहिलेत त्याचे."

"कुठलं घालू?"

"घाल रे कुठलंही. फळीवर आहेत बाटल्या."

कुठलंही घालून कसं चालेल? लहानूने फळीवरची प्रत्येक बाटली हलवून बघितली. खोबरेल पातळ होतं. तिळाचं पातळ होतं. एका कोपऱ्यात आजीच्या पोटासाठी आणलेली एरंडेलाची भरलेली बाटली होती. ती हलवली तर तेल जागचं हलेना. मे महिन्याला ते बरोबर होतं. लहानूने गाडीतून नरसाळं आणलं आणि पुसून घेतलं.

नवनाथ पाटावर बसला होता. पहाटेपासून कुणी ना कुणी येऊन त्याला काहीतरी करायला सांगत होतं. पूर्वेला तोंड कर. उजवा पाय पुढे घे. सुपारी मुठीत धर. हसू नकोस. का, हे त्याने पहिल्या तासाभरातच विचारायचं सोडून दिलं होतं.

"तोंड उघडा," लहानू म्हणाला.

नवनाथने तोंड उघडलं. ही पण एखादी रीत असेल.

लहानूने हळूहळू सोडलं.

ठरल्या वेळी गाडी निघाली. पुढे लहानू, शेजारी आजी, मागे मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. पहिल्या उतारावर नवरदेव गप्प होता. दुसऱ्या उतारावर त्याने पोट धरलं. तिसऱ्या उतारावर तो ओरडला, "थांबव! थांबव गाडी!" आणि पाण्याची बाटली घेऊन करवंदीच्या जाळीमागे गेला.

लहानू घाबरला नाही. घाबरायचं नाही, असंच सांगितलं होतं. त्याने गाडी थांबवली.

खाली मांडवात सगळे डोंगराकडे डोळे लावून बसले होते. गाडी दिसली तसा जल्लोष झाला. मग गाडी थांबली. परत निघाली. परत थांबली. बायका कुजबुजायला लागल्या. भटजींनी घड्याळ बघितलं. दशरथरावांनी मामांकडे बघितलं. अंतरपाटाशी उभ्या असलेल्या मंजुळाने कुणाकडेच बघितलं नाही.

"इंजिन गेलं," मामा म्हणाले आणि धोतर सावरत उतारावर धावले.

शेवटच्या वळणावर त्यांना गाडी सापडली. इंजिन मस्त घुमत होतं. आजी पुढे बसून कुणाला तरी शिव्या देत होती. लहानू एका हातात नरसाळं आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन करवंदीच्या जाळीसमोर उभा होता.

"काय झालं रे? गाडी का थांबवलीस?"

"गाडीला काही नाही, मामा. नवरदेव गळतायत."

"काय?"

"मी तेल घातलं आजींच्या बाटलीतलं. जाड बघूनच घातलं. पण खालून गळायला लागलं."

मामांनी फळीवरच्या त्या बाटलीचा रंग, वास विचारला. उत्तर ऐकून ते जाळीपासून दोन पावलं मागे सरकले. खालून सनईचा आवाज आला. भटजी घाई करत होते.

"अरे, मुहूर्त चालला! माझी पोर उभी आहे रे तिथे! त्याला बाहेर काढ!"

"असं अर्ध्यावर कसं काढता येईल?" लहानू समजुतीने म्हणाला. "सगळं निघून जाऊ द्यायचं असतं." मग तो जाळीकडे वळला आणि नवरदेवाला धीर यावा म्हणून मोठ्याने म्हणाला, "काळजी करू नका, पाहुणे! झालं की सांगा. हा डबा फोडून ठेवलाय. दहा-चाळीसचं आहे. लगेच भरतो!"

जाळीमागे पाण्याची बाटली खाली पडली.

मग करवंदीची जाळी हादरली. दुसऱ्या बाजूने नवरदेव बाहेर पडला आणि जो सुटला तो थेट खाली. मुंडावळ्या मागे उडत होत्या. फेटा कुठे, जोडा कुठे. मांडवातून पळून गेलेले नवरदेव लोकांनी ऐकले होते. मांडवाकडे असा धावत येणारा कुणी पाहिला नव्हता. तो वाटेतली कमान, सनईवाला आणि दशरथराव यांना ओलांडून थेट मंजुळासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "लावा! लवकर लावा!"

बायकांचे डोळे भरून आले. "किती ओढ बाई," यमुनाकाकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांना हाताला धरून आणावं लागलं होतं."

मंजुळा इतकी लाजली, की दोन दिवस हळद लावून जो रंग आला नव्हता तो आला.

वर मामांनी वेळ घालवला नाही. ते स्वतः गाडीत बसले आणि आजीला घेऊन सुसाट उतरले. भटजी शेवटच्या मंगलाष्टकावर होते तेव्हा पिवळी गाडी मांडवात शिरली, आणि आजीने बसल्या जागेवरून नातवाच्या डोक्यावर अक्षता फेकल्या. शुभमंगल झालं. वाजंत्री वाजली. नवरदेव कुणाचेही आशीर्वाद न घेता मामांच्या घरामागे धावला, ते मात्र कुणाला नीटसं कळलं नाही.

दशरथरावांनी मामांचा हात हातात घेतला. "रंभाजीराव, मानलं तुमच्या गाडीला."

"अहो, गाडी म्हणजे काय," मामा म्हणाले, आणि गाडीबद्दल सांगायला लागले.

पंगत बसली. केळीच्या पानांवर मठ्ठा, भजी, जिलेबी. वाढपी फिरले. दशरथराव जिलेबीचा तुकडा उचलणार एवढ्यात मांडवाच्या तोंडाशी लहानू येऊन उभा राहिला. तो चालत उतरला होता. घामाने भिजला होता. एका हातात नरसाळं, दुसऱ्या हातात फोडलेला डबा.

"मामा, नवरदेव कुठेत?"

"लग्न लागलं रे, लहान्या!" मामा म्हणाले. त्यांना आता रागावताही येईना. "झालं सगळं. ठेव तो डबा."

"ठेवता येणार नाही," लहानू म्हणाला. "फोडलाय. रशीदभाईंनी बजावलंय, अर्धा ठेवायचा नाही. संपवायचा."

त्याने नरसाळं फडक्याने पुसलं. मग पंगतीच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळ्यांकडे प्रेमाने बघितलं.

"बोला," तो म्हणाला, "कुणाला घालू? तोंड उघडा."

गावात अजून सांगतात, मंजुळाच्या लग्नात जेवण फार सुरेख झालं होतं. चव कशी होती, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.